बारावं वाक्य

दर महिन्याच्या सात तारखेला सरिताच्या खात्यातून एकशे नव्व्याण्णव रुपये जायचे आणि त्या बदल्यात तिचा नवरा राखण करायचा. नवरा जाऊन सात महिने झाले होते. राखण काही थांबली नव्हती.

गोष्ट नीट सांगायची तर आधी त्या गेमची सांगायला हवी. कंपनीनं ठेवलेलं त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक. पोंभुर्ण्याकडची पोरं त्याला नुसतं 'शिवार' म्हणत. मोबाइलवर जमीन घ्यायची, पीक काढायचं आणि दुसऱ्यांच्या पिकावर धाडी घालायच्या, एवढाच उद्योग. घरच्या धानाच्या चार बांध्या सांभाळताना ज्यांची दमछाक व्हायची, ती पोरं तिथं वीस-वीस एकर कसायची. फुकट खेळता यायचं. पण फुकट खेळणारा कामाला गेला की मागे त्याचं शेत उघडं पडायचं. कोणीही यावं आणि लुटून न्यावं. महिन्याचे पैसे भरले तर मात्र तुम्ही नसताना तुमचा गडी मचाणावर बसून राहायचा आणि कोणी आलं तर तुमच्याच आवाजात बोलायचा. कंपनीनं या सोयीला काय नाव दिलं होतं कोणास ठाऊक, इकडच्या पोरांनी तिला पहिल्या दिवसापासून जागल म्हटलं.

जागल म्हणजे काय, हे इकडं कोणाला सांगावं लागत नाही. धान लोंबीला आलं की डुकरं उतरतात, चितळं उतरतात. मग ज्यानं त्यानं आपल्या वावरात मचाणावर बसून रात्र काढायची. अधूनमधून एकानं 'होऽ' अशी हाक द्यायची आणि दुसऱ्या मचाणावरच्यानं ओ द्यायची. ओ आली की समजायचं, माणूस जागा आहे, ठीक आहे. नाही आली तर हातातलं टाकून, काठी-बॅटरी घेऊन बघायला जायचं. बोलचाल बंद असली तरी जायचं. यात सूट नाही.

राजदीप ठेकेदाराकडे लाइन हेल्पर होता. दिवसभर विजेच्या खांबांवर. त्यानं गेमचे पैसे भरायला सुरुवात केली, तेही बायकोच्या खात्यातून, तेव्हा घरात चांगलंच वाजलं होतं. सरिता अगरबत्तीच्या काड्या करायला जायची. बांबूची कुसळं बोटांत घुसवून घेत मिळवलेला पैसा असा हवेत जाताना पाहून तिचं डोकं फिरलं.

"फुकट खेळता येते तं पैसे काऊन भरता?"

"अवं, मी खांबावर असलो म्हंजे माह्यं शेत कोण पाह्यन?"

"खरं शेत पाहाले म्हातारा बाप, अन् खोटं पाहाले पगारी गडी! वा रे वा!"

"एकशे नव्व्याण्णवात महिनाभर गडी भेटते का कुठी? तूच सांग. उलट स्वस्तात पडते."

यावर ती हसली होती. मग तिच्यादेखतच त्यानं घरामागे उभं राहून आपल्या गड्यासाठी वाक्यं बोलून भरली. बारा भरायची होती. अकराव्यापर्यंत ती तोंडाला पदर लावून हसत होती, तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं आणि ती आत पळाली.

ऑक्टोबरात राजदीप गेला. जागलीला गेलेला माणूस, चितळं हाकलायला मचाणावरून उतरला आणि शेजारच्या वावरात डुकरांसाठी सोडलेल्या करंटच्या तारेत पाय पडला. ज्यानं तार सोडली त्याला पोलिसांनी नेलं, पंचनामा झाला, पुण्यानुमोदनाला अख्खं गाव जेवून गेलं. सासरे खुशाल आणि सरिता, दोघंच मागे उरली. पोलिसांनी राजदीपचा मोबाइल एका पाकिटात घालून परत दिला. तो तिनं पेटीत ठेवला.

पुढच्या सात तारखेला पैसे कापल्याचा मेसेज आला. त्याच्या पुढच्या सात तारखेलाही. तिसऱ्या वेळी ती मोबाइल पदराखाली घेऊन पोंभुर्ण्याला जाहिदच्या दुकानात गेली. जाहिद मोबाइल दुरुस्त करायचा आणि 'शिवार'मध्ये राजदीपच्या टोळीत होता.

"हे बंद करून द्या, जाहिदभाऊ."

जाहिदनं गेम उघडला. हिरवं शेत आलं, मचाण आलं, मचाणावर डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला गडी आला. आणि दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर, राजदीप बोलला, "हो, जागाच आहो!"

सरितानं हात लांबवून मोबाइल पालथा घातला.

"माफ करना भाभी," जाहिद म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "आम्हालेबी दोन महिने काही समजलंच नाई. मुलचेऱ्याचा लोकेश रोज गेममधी हाक मारे, एटापल्लीचा जंगू मारे. हा बरोबर ओ दे. आम्ही म्हणलो, आहे भाऊ, कामात असन. ओ आल्यावर कोण पाहाले जाते?"

मग त्यानं बंद करण्याची रीत सांगितली. एकदा जागल लावली की परत फुकटात येता येत नाही, पैसे थांबले की शेत दुसऱ्याला जातं, गडी पुसला जातो. पण जाण्याआधी तो एकदाच, शेवटचं, निरोपाचं वाक्य बोलतो. तेच बारावं. ते आधी ऐकता येत नाही आणि नंतरही ऐकता येत नाही. कोणाला फोनवर भरून घ्यायचं म्हटलं तर कंपनी तेवढा वेळ तेही करू देत नाही.

"करू का बंद?"

"राहू द्या," सरिता म्हणाली.

तिथून ती बिघडली. बिघडली हाच शब्द बरोबर आहे, ती स्वतःही तोच वापरायची. कामावरून आली, हातपाय धुतले, की कानात इअरफोन घालून मागच्या दारी बसायची. अकरा वाक्यं. 'कोण हाय रे तिकडं?' 'पाहून जाय, हात नको लावू.' 'तुह्यं जेवण झालं का?' कुठलं वाक्य कधी येईल याचा नेम नसायचा. सुरुवातीला ती नुसती ऐकायची, मग उत्तरं द्यायला लागली, मग उत्तर जुळेल असे प्रश्न शोधून ठेवायला लागली. एकदा तिनं विचारलं, "मले एकटीले सोडून काऊन गेले?" आणि तो म्हणाला, "थांब, चहा पिऊन येतो." ती तासभर बसून राहिली. शहाणी बाई, बारावी पास, आणि तासभर! भांड्यांचा ढीग तसाच होता. माहेरहून भाऊ न्यायला आला तर तिनं जायला नकार दिला, कारण तिकडं नेटवर्क नव्हतं.

आणि बारावं वाक्य तिच्या डोक्यात भुंग्यासारखं फिरत राहायचं. त्यात काय असेल? तिचं नाव असेल का? ऐकायचं तर त्याला घालवायला हवं. ठेवायचं तर ते कधीच कळणार नाही. दर सहा तारखेला तिला ताप आल्यासारखं व्हायचं आणि सात तारखेचा मेसेज आला की एक महिना सुटल्यासारखं वाटायचं. एकशे नव्व्याण्णवात एवढं मिळतंय, महाग कुठाय, असं ती मनाला समजावायची. नवऱ्याशी भांडताना जे तिला पटलं नव्हतं, ते आता शंभर टक्के पटलं होतं.

मे अखेरच्या एका संध्याकाळी इअरफोनची बॅटरी संपली आणि आवाज मोकळा बाहेर आला.

"हो, जागाच आहो!"

अंगणात खाटेवर पडलेले खुशाल ताडकन उठून उभे राहिले. सात महिने ते कोणाच्या हाकेला ओ देत नव्हते. गावानं ठरवून टाकलं होतं की म्हाताऱ्याचे कान गेले. त्यांनी दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि त्या आवाजाच्या दिशेनं, जोर लावून ओ दिली, "होऽऽ!"

मग त्यांना घराची भिंत दिसली, दारात उभी सून दिसली, तिच्या हातातला मोबाइल दिसला. ते परत खाटेवर बसले.

"मामाजी, मी... मी बंद करतो म्हणत होती, पण..."

"हाच आवाज होता," खुशाल म्हणाले.

"कोणता?"

"त्या रात्रीचा." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "म्या माह्या मचाणावर होतो, तो त्याच्या. म्या हाक देल्ली. हो, जागाच आहो, म्हणे. म्या विडी पेटवली. घडीभरानं अजून देल्ली. हो, जागाच आहो. पाहाटेलेबी तेच. म्या म्हणलो, पोरगा आज लय इमानानं जागून राह्यला. उजाडल्यावर गेलो तं मोबाइल मचाणावर, चालू. त्याच्या दोस्तांच्या हाका येत होत्या अन् तो मोबाइलातला गडी ओ देऊन राह्यला होता. माह्या हाकेले कोणी ओ देल्लीच नव्हती, पोरी. पोरगा चाळीस पावलांवर पडला होता."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, जागच्या जागी गेला. सरितानं ते सांगितलंही.

"डाक्टर होता का तिथी?" खुशाल म्हणाले. "ओ नसती आली तं म्या गेलो असतो. वारलेला तं वारलेला, पण बाप गेला तं असता."

तो आवाज तिच्याच पैशांनी विकत घेतलेला होता. तिच्याच खात्यातून, तिच्याच काड्यांच्या मजुरीतून. याच आवाजासाठी आपण पाच महिने मागच्या दारी जीव टाकत होतो, याची तिला लाज वाटली. आणि वाईट म्हणजे, एवढं ऐकूनही तिला तो आवाज पुन्हा ऐकावासा वाटत होता.

"आताच्या आता बंद करतो," ती म्हणाली.

"नको वो." खुशालनं डोळे पुसले. "तुले बरं वाटते ना? ऐकत जाय. म्या चौकात जाऊन बसत जाईन तेवढा वेळ."

सासऱ्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून म्हातारा खरंच, ती कामावरून आली की काठी घेऊन चौकात निघायचा. अजून ऊन उतरलेलं नसायचं, जमीन तापलेली असायची, आणि हा सत्तरीचा माणूस सुनेला मेलेल्या मुलाशी बोलता यावं म्हणून डोक्यावर ओलं फडकं टाकून पारावर जाऊन बसायचा. सरितानं आठवडाभर हे पाहिलं. मग एका दिवशी तिनं त्यांची काठी धरली.

"आज नाई जायचं. इथी बसा. मी बंद करून राह्यली, अन् मले एकटीनं ऐकवणार नाई."

जूनची सहा तारीख होती. जाहिदला तिनं आधीच कळवलं होतं. ठरल्या वेळी सगळी टोळी पडद्यावरच्या शेताच्या बांधावर येऊन उभी राहिली, जाहिद, लोकेश, जंगू, कधी न पाहिलेली आणखी तीन पोरं, सगळ्यांचे गडी हत्यारं खाली ठेवून. सरितानं 'बंद करा' दाबलं. पडद्यानं विचारलं, नक्की? तिनं होय म्हटलं. पडद्यानं विचारलं, पुढचे तीन महिने निम्म्या किमतीत देऊ का? तिला संताप आला. माणूस मेलाय आणि हे सूट देतायत. तिनं नको दाबलं. अजून एकदा विचारलं. अजून एकदा नको.

मचाणावरचा गडी उठून उभा राहिला. शिडी उतरला. सरितानं खुशालचा हात घट्ट धरला. आवाज आला, मागे कुठंतरी दूध उतू गेल्याचा चुरचुराट आणि तिची स्वतःची धावपळ ऐकू येत होती, आणि राजदीप हसू दाबत, हळू आवाजात, तिला ऐकू जाऊ नये असा बोलत होता:

"सरितानं पैसे बंद केलेले दिसते भाऊ. जिंकली बाई! चला रे दोस्तहो, मी घरी चाललो."

गडी पाठ फिरवून चालायला लागला. पडद्याच्या कडेपर्यंत गेला आणि दिसेनासा झाला. शेताच्या जागी 'विकणे आहे' अशी पाटी आली.

सरितानं आणि खुशालनं, दोघांनीही एकाच वेळी घराच्या दाराकडे पाहिलं.

अंधार पडला, डास यायला लागले, तेव्हा सरिता दार लोटायला उठली.

"राहू दे वो," खुशाल म्हणाले. "आज उघडंच राहू दे."