अक्काची पट्टी उतरली तेव्हा

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. कीर्तनाला अजून वेळ आहे, तोवर तुम्हाला एका गळ्याची गोष्ट सांगते.

मी एक जुनी पेटी आहे. सागवानी अंगाची, पितळी सुरांची. धुळ्याच्या खाजाभाईंनी मला घडवलं आणि सोनगीरच्या चुडामणभाऊंनी भजनासाठी घरी आणलं. भाऊ मला वाजवत आणि त्यांची बायको भागाबाई, साऱ्या गावाची अक्का, गात असे. तिची पट्टी काळी चार. एकादशीला राममंदिरात बुवांच्या मागे तिनं सूर लावला की तो थेट किल्ल्यापर्यंत जायचा. त्या उंच पट्टीत पुरुषांना गाणं जमत नसे. ते आपले टाळ वाजवत माना डोलवत. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळे.

अडुसष्ट साल असावं. अक्काच्या गर्भाशयात गाठी झाल्या. पाळी आली की थांबेचना. रक्त जाऊन जाऊन चेहरा पांढराफटक पडला. त्यात तेव्हाचा रिवाज असा, की त्या दिवसांत बाईनं देवळात जायचं नाही, मला शिवायचंही नाही. कीर्तन रंगायचं आणि अक्का समोरच्या ओट्यावर बसून ऐकायची. भाऊंचं मन लागेना. माझ्यावर फडकं पडलं ते पडलंच.

शेवटी देवपूरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. रक्त थांबलं. अक्का न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून आली आणि माझ्यावरचं फडकं तिनं स्वतः झटकलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू.

पण काही महिन्यांतच काळी चारवर तिचा आवाज फाटू लागला.

"पेटीना सूर चढी गयात," अक्का म्हणाली. "तिले धुळे लई जा."

भाऊंना ते लगेच पटलं. अक्काचा गळा चुकेल, हे सोनगीरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. गोधडीत गुंडाळून मला एसटीत घातलं. खाजाभाईंनी माझा एकेक सूर तपासला आणि ते हसले.

"भाऊ, पेटी एकदम सुरात आहे. खोकला वहिनींना आणि दवा पेटीला?"

घरी येऊन भाऊंनी खोदून विचारलं, तेव्हा अक्कानं तोंडावरचा पदर सारला. हनुवटीवर काळे केस आले होते.

"हाई बठ्ठं गोयास्नं शे," ती गोळ्यांची पुडी दाखवत म्हणाली. "पन डॉक्टरीणले सांगसू, तर ती गोया बंद करी. मंग मी परत ओटावर."

"म्हंजे मनी पेटी फुकट धुळे जाई उनी?" भाऊ म्हणाले. अक्का रडता रडता हसली.

गळा वाचवावा तर देऊळ सुटणार, देऊळ धरावं तर गळा जाणार. भाऊंनी तिला तडक देवपूरला नेलं.

"आवाज जड झाला तर लगेच या, असं बजावलं होतं ना, भागाबाई? या गोळ्यांनी तसं होतं कधी कधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी त्या गोळ्या थांबवल्या, अंगात रक्त भरायला दुसऱ्या दिल्या आणि पुढे ऑपरेशन करून दुखणंच मिटवलं. पण उतरलेला आवाज बहुधा परत चढणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

बरी झाल्यावर पहिल्या एकादशीला अक्का देवळात आली आणि माझ्याशेजारी बसली. भाऊंनी काळी चारवरचं बोट उचललं आणि खालच्या काळी एकवर ठेवलं. अक्कानं भीत भीत सूर लावला. जाड, खोल, उसाच्या काकवीसारखा.

आणि मागून म्हाताऱ्या टाळकरी सुपडूआबांनी तो उचलला. मग बाकीच्या टाळकऱ्यांनी, मग दारातल्या मंडळींनी. पुरुषांनाही जमणाऱ्या त्या पट्टीत सारं देऊळ गाऊ लागलं. बुवा निरूपण विसरून टाळ्या वाजवत राहिले.

आरतीनंतर सुपडूआबा म्हणाले, "अक्का, इतला वरीस तू आम्हले बाहेर बसाडं व्हतं."

मित्रांनो, आता माझा भाता थकला आहे. मला हळू हाताळा, फडक्याखाली विसरू नका. औषध घेताना अंगात काही बदललं तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. आणि आज सगळ्यांनी मिळून सूर लावाल, तेव्हा तेवढी आमच्या अक्काची आठवण ठेवा.