तोंड वर करून मरणारा माणूस

सेक फूकशिंग पंचवीस वर्षांत दोनशेहून जास्त वेळा मेला होता, पण एकदाही त्याचं तोंड पडद्यावर दिसलं नव्हतं. हाँगकाँगच्या मारधाडपटात गोळी खाणारे पालथेच पडत. कारण साधं होतं. अकरा माणसांना चार-चार वेळा मारून चव्वेचाळीस मुडदे दाखवायचे, तर तोंडं लपवावीच लागणार. या चिंधीगिरीला कंपनीवाले शिस्त म्हणत.

म्हणूनच तरुण दिग्दर्शिका लोक मानवाईने आपल्या गुंडपटात त्याला म्हाताऱ्या गुंडाची भूमिका दिली, तेव्हा सेकने एवढंच विचारलं होतं, "मरताना तोंड कुठं?"

"कॅमेऱ्याकडे, काका. शेवटपर्यंत."

त्या एका शब्दावर तो तीन महिने मोडक्या बरगडीनिशी कामावर आला.

शेवटच्या दिवशी सकाळी क्वुन टाँगच्या धक्क्यावरच्या गोदामात निर्माते याउसाहेब चिठ्ठी फडकवत आले. आमच्याकडे पटकथा अशीच चिठ्ठ्यांवर येते. जेवणाआधी एक, जेवणानंतर दुसरी. या चिठ्ठीत म्हाताऱ्याला पाठीत गोळी लागत होती. तो पालथा पडणार आणि शेवटची झुंज नायक केल्विन देणार.

"साहेब, सगळा सिनेमाच मातीत जाईल," मानवाई म्हणाली.

"तिकिटं केल्विनच्या थोबाडावर खपतात, पोरी. ह्याचं थोबाड बघायला कोण येणार? ह्याची बायको?"

"ती पण नाही यायची," सेक म्हणाला. "तिला घरी फुकट दिसतं."

सगळे हसले. सेकही हसला, पण त्याचे कान तापले होते. तो चहावाल्या कुनताईजवळच्या खोक्यावर जाऊन बसला आणि खिशातलं लाल पाकीट काढून चुरगाळायला लागला.

"अगं बाई!" कुनताईने चहाची किटली खाली ठेवली. "मरायच्या आधीच घेतलंस?"

पडद्यावर मरणाऱ्याला चार पैसे घातलेलं लाल कागदी पाकीट द्यायचं, म्हणजे अशुभ फिटतं, हा आमचा रिवाज. ते द्यायचं मात्र मरून झाल्यावर. पण त्या दिवशी शनिवार होता, शा तिनला घोड्यांच्या शर्यती होत्या, आणि याउसाहेबांना लवकर सटकायचं होतं. कचेरीत आदल्या दिवशीच भरून ठेवलेलं पाकीट त्यांनी गाडीतून उतरता उतरता सेकच्या हातात कोंबलं होतं. वर लिहिलं होतं : सेक, प्रसंग चौऱ्याहत्तर, गोळी समोरून, तोंड वर.

सेकने ते पुन्हा वाचलं. मग मांडीवर ठेवून नीट सपाट केलं आणि उठला.

"साहेब, हे तुम्ही तुमच्या हातानं दिलंत. समोरून गोळी, तोंड वर. हे मरण मी घेतलंय. आता ते कॅमेऱ्यापुढं फिटलं नाही, तर मोकळं हिंडेल."

"येड्यासारखं बोलू नकोस. दे इकडं."

"घ्या की." सेकने दोन्ही हातांनी, अदबीने पाकीट पुढे धरलं.

याउसाहेब पंचांग बघितल्याशिवाय केससुद्धा कापत नसत. त्यांचा हात अर्ध्यापर्यंत आला आणि तिथेच अडकला. पाकीट परत घेणारा त्यातलं मरणही घेणार, हे तिथल्या दिवेवाल्यांनाही कळत होतं. पालथे पडायला आलेले अकराही जण हळूहळू उठून उभे राहिले.

"कुनताई, तू घे."

"मी? माझी नातवंडं लहान आहेत. ज्याचं त्यानं निस्तरावं."

"केल्विन!"

केल्विन खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. ती काही केल्या बांधून होईना.

"उरका, साहेब," सेक म्हणाला. "घोडे थांबायचे नाहीत."

याउसाहेबांनी हात खिशात घातला. "मर, कसं मरायचं ते!" म्हणून ओरडले आणि गाडीत जाऊन बसले.

मानवाईकडे एकच रीळ उरलं होतं. सेकच्या सदऱ्याखाली गोळी लागल्यासारखे फुटणारे एकोणीस बार बांधले होते. तो चालत निघाला आणि छातीवर एकामागून एक बार फुटत गेले. गुडघे टेकले तसा पंचवीस वर्षांच्या सवयीने त्याची मान आपोआप खाली वळायला लागली. त्याला स्वतःचाच संताप आला. दात खाऊन त्याने मान वर उचलली, उताणा कोसळला आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. बघा, हा मी. रीळ संपेपर्यंत मानवाईने "कट" म्हटलं नाही.

सिनेमा तुफान चालला. शाम शुई पोच्या गल्ल्यांत पोरं खेळताना उताणी मरायला लागली आणि त्यांच्या आया सदऱ्यांच्या मळलेल्या पाठी धूत बसल्या. टीकाकारांनी त्या मरणावर लांबलचक लेख पाडले. बरगडीबद्दल कुणी लिहिलं नाही.

पुढच्या वर्षी एका दुसऱ्या कंपनीत सेक मारामारी बसवत होता. गोळीबार झाला, नऊ जण पडले आणि दिग्दर्शक किंचाळला, "पालथे व्हा! तोंडं दिसतायत!"

नऊच्या नऊ उताणे पडले होते, डोळे उघडे ठेवून. एकही हलला नाही.

"सेककाका, सांगा ना त्यांना!"

सेकने एकेकाचं तोंड नीट बघून घेतलं.

"मेलेत ते, साहेब," तो म्हणाला. "आता त्यांना कोण हुकूम सोडणार?"