बसायचा गालिचा

"ही सुई हाय का म्हशीचं इंजेक्शन गं, सिस्टर?"

अंजनाने ती पोकळ, जाडजूड सुई उजेडाकडे धरली. रेश्मा खदाखदा हसली. "टोचा तर खरं, मावशी. ह्यो पेशंट वरडत न्हाई."

समोर लाकडी चौकटीवर गोणपाट ताणून खिळ्यांनी ठोकलं होतं. सुईत लोकर ओवायची, गोणपाटात मागून टोचायची, पुढच्या अंगाला फासा सोडून परत यायचं. सुई उचलायची नाही, कापडावरून सरकवायची. अंजनाने ती हातभर वर उचलली आणि घातलेले सगळे फासे सुरसुर निघून आले.

"आरारा! बाळातपण करताय व्हय? वढू नका एवढं."

रेश्मा कडेगावच्या ऊसवाल्यांची लेक. नवरा फौजेत. त्याच्याबरोबर अंबाल्याच्या क्वार्टरमध्ये होती तेव्हा शेजारणीकडून ती असे गालिचे भरायला शिकली. आष्ट्याला सासरी आल्यावर सांगलीच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली. अंजना तिथेच आया. बेडपॅन, रक्ताच्या चादरी आणि बाळंतिणींच्या शिव्या यांत तिची उमर गेली. दोघी आष्ट्याहून एकाच एस.टी.ने जायच्या. एकदा गाडीत अंजना म्हणाली, "मला बी शिकीव." रेश्माने का, कशाला, काही विचारलं नाही. रविवारी या म्हणाली.

तिच्या घरी चहा दोघींना एकसारख्या कपात यायचा. गल्लीतल्या शहाण्यांना यात रेश्माचं मोठेपण दिसलं. कसलं मोठेपण? माणसाला माणसासारखा चहा दिला, एवढंच. अंजना मनापासून आभार मानायची ते सुईचे. कपाचे आभार मानण्याइतकी ती लाचार नव्हती.

अंजनाचा नवरा आण्णा म्हणायचा, "ह्यानं प्वाट भरत न्हाई, अंगात घालाय येत न्हाई. मग करायचं कशाला?"

"मला आवडतंय म्हनून."

त्या घरात हे कारण आजवर कुणी दिलंच नव्हतं.

आणखी एक कारण होतं. लहानपणी ती साताऱ्यात एका बंगल्यात कामाला होती. तिथला गालिचा दर आठवड्याला बाहेर काढून काठीने बडवायचा. धूळ अंजनाच्या नाकात, गालिचा आत. मालकिणीचं मांजर त्यावर झोपायचं. अंजना शेजारच्या गार फरशीवर बसायची. तिला मोठी होऊन दागिना नको होता, बंगला नको होता. एक गालिचा हवा होता, स्वतःचा. त्यावर बसायला.

हात बसल्यावर तिने आपल्या घरी गोणपाटावर निळं धम्मचक्र काढलं. पहिल्यांदा हसणारी वस्ती हसायची थांबली. बायका पोरांचे जुने स्वेटर उसवून लोकर आणून द्यायला लागल्या. चक्राचा एकेक आरा भरत गेला.

चक्र भरून झालं त्या रविवारी रेश्मा चिंचोक्याची खळ शिजवून घेऊन आली. घोंगडीला लावतात तीच. मागच्या बाजूने ती चोपडली की फासे धरून बसतात, मग काही निघत नाही. तेवढ्यात आण्णा बाहेरून आला. चक्र बघून त्याने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, हात जोडले.

"झ्याक झालंय," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "पर अंजना, ह्याच्यावर पाय कोन ठिवनार गं?"

इतके दिवस सगळ्यांनी चक्र बघितलं. हा गालिचा आहे, तो जमिनीवर पडणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"भितीला लावू की," रेश्मा घाईने म्हणाली. "लय शोभंल." तिने खळीत फडकं बुडवलं.

अंजनाने तिचा हात धरला. "थांब, पोरी." आजवर तिने रेश्माला सिस्टरच म्हटलं होतं. "भितीवर बाबासाहेबांचा फोटू हाय, बुद्ध हायत. मानाचं समदं तिथं हाय. मला बसाय पायजे."

तिने लोकरीचं टोक शोधलं आणि ओढलं. आऱ्यामागून आरा निघत गेला. रेश्माचे डोळे भरले. आण्णा पुढ्यात येऊन बसला आणि लोकर गुंडाळायला त्याने दोन्ही हात समोर धरले.

रिकाम्या जागेत अंजनाने हाताला येईल ती लोकर भरली. शाळेच्या स्वेटरची लाल, कुणाच्या टोपीची पिवळी, विटकरी, मेंदी. नक्षी नाही की काही नाही. दुसऱ्या कडेने रेश्मा आपल्याजवळच्या दुसऱ्या सुईने टोचत आली. दिवे लागायच्या आत खळ लागली.

पुढच्या रविवारी, खळ वाळल्यावर, अंजनाने गालिचा घरात मधोमध अंथरला. बघायला आलेली रेश्मा अंजनाला शिकायला दिलेली सुई तिथेच ठेवून निघाली होती. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, मावशी."

"लय दिलंस गं मला," अंजना म्हणाली. "आता बस हितं."

"आदी तुमी."

अंजना बसली. पाय लांब केले. फिनेलने फाटलेल्या टाचांच्या भेगांत लोकरीचे फासे अडकले. तिने पाय हलवला नाही.