झोडपणारी हवा

अमरावतीच्या मे महिन्यात गच्चीवर टाकलेल्या कुरडया दुपारच्या जेवणाआधी खडखडीत वाळतात. अशा मुलखात केस वाळवायचं यंत्र करायला निघालेल्या मुलीला लोक हसणार नाहीत तर काय करतील? माधवीला सगळे हसले. राजापेठेतल्या शेजारणी हसल्या. बडनेऱ्याचा मामा तर चहा सांडेपर्यंत हसला.

"सूर्य कमी पडून राहिला का तुमाले?" त्याने विचारलं.

"सूर्य सकाळी सहाले दवाखान्यात डूटीवर जात नाई, मामा. आई जाते."

मामाने हसू आवरलं, कारण माधवीची आई, म्हणजे केशरबाई, तेव्हा तिथेच बसली होती. केशरबाई सरकारी दवाखान्यात नर्स. कमरेखाली जाणारे दाट केस आणि पहाटेची पाळी, या दोन गोष्टींचं आयुष्यभर जमलं नव्हतं. न्हाऊन ओला अंबाडा बांधायचा, तसंच निघायचं आणि दुपारी डोकं धरून परत यायचं. मेट्रनबाईंनी एकदा केस कापायचं सुचवलं होतं. "तुमी तुमचं पाहा," एवढंच उत्तर देऊन केशरबाई वॉर्डात निघून गेली होती. लेकीने तो स्वभाव तिच्याकडूनच उचलला होता, त्यात शंका नाही.

माधवी इंजिनिअर झाली आणि पुण्याला न जाता अमरावतीच्याच एमआयडीसीत, भगवंतरावांच्या कारखान्यात लागली. भगवंतराव इस्त्र्या करत, पाणी तापवायचे रॉड करत, आणि आता त्यांना हेअर ड्रायर काढायचा होता. रॉडने पाणी तापतं, इस्त्रीने कपडा तापतो, तसे ड्रायरने केस तापले पाहिजेत, असा त्यांचा साधा हिशोब. स्वतःच्या डोक्यावर एक केस शिल्लक नव्हता, त्यामुळे या विषयावर त्यांची मतं फार ठाम होती.

पहिला ड्रायर तयार झाला आणि केस वाळवायला एवढा वेळ घ्यायला लागला की हात दुखून यावा. भगवंतरावांनी लगेच इलाज सांगितला. "कॉइल वाढव. हवा अजून गरम झाली पायजे."

"कॉइल नाई वाढवायची, भाऊ. कान भाजतात, केस तुटतात. मी तोंड बदलवतो त्याचं."

तोंड म्हणजे नोझल. ड्रायरच्या नळीपुढे बसवायचा, हवेला आकार देणारा तो प्लास्टिकचा तुकडा. कारखान्यात सगळे त्याला तोंडच म्हणत.

"तोंडानं काय होते?"

"वरूडले संत्र्याच्या पॅकिंगमधी पाह्यलं ना तुमी? धुतलेले संत्रे पट्ट्यावरून येतात आन् वरून पंखे पाणी लोटून देतात. शिजवत नाई कोणी त्याईले. पाणी ढकलाचं असते, उकळाचं नाई."

"केस काय संत्रं हाये का?"

"कान तरी इस्त्रीचा कपडा हाये का, भाऊ?"

बाजूच्या बाकावरचे दोघं खाली मान घालून हसले, आणि तिथेच घोटाळा झाला. माणसाला चारचौघांत हसलं गेलं की तो अडून बसतो. भगवंतराव अडून बसले. अकोल्यात शकीलाआपाचं पार्लर आहे, तिने माल घेतला की बाकीची पार्लरं डोळे मिटून तिच्यामागे येतात. तिथे चाचणी होईल, असं त्यांनी जाहीर केलं. माधवीचं तोंड हरलं तर वाढीव कॉइल बसेल, आणि ती माधवीनेच बसवायची.

"बसवतो," माधवी म्हणाली. रागात माणूस काहीही कबूल करतो.

मग ती हट्टाला पेटली. गोल तोंड टाकून तिने रुंद, चपटं तोंड केलं. पुढे बारीक फट, फटीला कंगव्यासारखे दात, म्हणजे हवा केसांच्या थरात शिरावी. सकाळी आई न्हायली की ही ड्रायर घेऊन उभी. न्हाणी अंगणात; ती घरातूनच "झालं का, आई?" म्हणून हाक मारी, आई "झालं" म्हणून घरात येई, आणि ड्रायर सुरू होई. आईचे एवढे दाट केस बघता बघता मोकळे व्हायला लागले. आठवडाभर रोज तेच. केशरबाई पहिल्यांदाच कोरडा अंबाडा घालून कामावर गेली. माधवीची मान एवढी ताठ झाली की शेजारणींनी तिला ओळख द्यायचं सोडून दिलं.

अकोल्याला मात्र त्या ताठ मानेची पार रया गेली.

ताजनापेठेतलं शकीलाआपाचं पार्लर लग्नसराईमुळे भरलेलं होतं. आपाची मुलगी नगमा हिचे केस सगळ्यात दाट, म्हणून तिलाच बसवलं. बेसिनवर केस धुतले, नळाखालून उठवून थेट खुर्चीत बसवलं. केसांतून पाण्याच्या धारा लागलेल्या. माधवीने ड्रायर लावला. वेळ जात राहिला. वरचे केस भुरभुरले, पण आपाने मुळाशी बोटं घातली आणि ओली बोटं माधवीपुढे धरली.

"वरून सुक्के, अंदर पानीच पानी. हे तर माह्या जुन्या मशीनसारखंच हाये, बेटा."

माधवीचा चेहरा खर्रकन उतरला. घरी चाललेलं इथे का चालेना, तेच तिला कळेना. भगवंतराव मात्र सुपारी कातरत निवांत बसले होते. आपण बरोबर निघाल्याचं सुख माणसाच्या चेहऱ्यावर लपत नाही.

"चाल, झालं," ते म्हणाले. "सोमवारी कॉइल बसव. शब्द देल्ला होता तू."

"देल्ला होता."

"मंग?"

"मोडला," माधवी म्हणाली. "नाई बसवत."

पार्लरमधल्या बाया वळून बघायला लागल्या. लाज वाटायला हवी होती, पण माधवीला वाटत होता तो फक्त राग. स्वतःचाही आणि त्या कॉइलचाही.

"तू नाई बसवली त दुसरा बसवीन. आन् मंग तुह्या टेबलावरही दुसराच बसीन, हे समजून घे."

"बसवा. मले काढून टाका आन् बसवा. माह्या हातानं कोणाचा कान भाजनार नाई."

तेवढ्यात शकीलाआपा मध्ये पडली, आणि तिचं कारण अगदी धंद्याचं होतं. "देखो भाऊ, मागच्या साली एक गरम मशीन घेतली होती मी. एका नवरीचा कान लाल झाला. तिची माय मशीनवाल्याकडे नाई गेली, माह्या दुकानात येऊन तमाशा केला तिनं. लडकीला एक मौका अजून द्या. मंग दोन्ही मशीन आणा, मी ठरवतो."

भगवंतरावांनी कपाळाला आठी घालून आठ दिवस दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवी अंगणात पायरीवर बसून होती. ड्रायर हातात नव्हता, तोंड फुगलेलं होतं. न्हाणीचं दार उघडून केशरबाई बाहेर आली. आली ती वाकली, सगळे केस पुढे टाकले, खांद्यावरचा पंचा दोन्ही हातांनी पिळवटून ताणला आणि केसांना झोडपायला लागली. फट्, फट्, फट्. पाणी भिंतीवर उडालं, तुळशीवर उडालं, माधवीच्या चष्म्यावर उडालं. मग तिने केस मागे टाकले आणि रोजच्यासारखं म्हणाली, "झालं. आण तुही मशीन."

माधवी बघतच राहिली. लहानपणापासून रोज ऐकलेला आवाज, शेजारच्या प्रत्येक घरातून येणारा आवाज. इतका रोजचा की तो चाचणीत मोजायचा असतो, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. अर्धं काम आईचा पंचा करत होता आणि कौतुक नोझलचं होत होतं.

"आई, तू रोज हे करत होती? ड्रायर लावायच्या आधी?"

"मंग ओल्या डोक्याले मशीन लावतात का कोणी?"

"मले सांगितलं काहून नाई?"

"तू इचारलं होतं का?" केशरबाई म्हणाली. "आन् न्हाल्यावर केस झटकतात, हे काय सांगाची गोष्ट हाये?"

माधवीने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. शिव्या संपल्यावर तिला हसू आलं, आणि हसता हसता ती एकदम थांबली. पंचाने पाणी उडतं, ते का? तो जोरात आहे म्हणून नव्हे. लागतो आणि सुटतो, लागतो आणि सुटतो, म्हणून केस हलतात, एकमेकांपासून मोकळे होतात आणि मधलं पाणी निसटतं. तिची हवा एका जागी धार धरून बसत होती. सरळ हवेने केस चपटे होऊन एकमेकांना चिकटत होते आणि पाण्याला आसरा देत होते. हवेनेच झोडपायला पाहिजे होतं.

त्या आठ दिवसांत तिने घरात जे सापडेल ते कापलं. नोझलच्या तोंडात मधोमध एक पातळ पट्टी अडकवायची, मागचं टोक पक्कं, पुढचं मोकळं. हवा आली की पट्टी डावी-उजवी फडफडेल आणि हवेची धारही तिच्याबरोबर डावी-उजवी फटके मारील, एवढीच कल्पना. डब्याच्या झाकणाची पट्टी फडफडली आणि मोडली. वहीच्या कव्हरची वाकून बसली. शेवटी कपाटावर आईच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे सापडला. ती फिल्म लवचिक, चिवट आणि गरमीला न दबणारी. तिची पट्टी कापून बसवली, बटण दाबलं, आणि घरभर फडफडाट सुरू झाला. माधवीने स्वतःचे केस नळाखाली निथळेपर्यंत भिजवले, पंचाला हात न लावता, आणि ड्रायर डोक्याशी धरला. समोरचा आरसा थेंबांनी भरून गेला.

"माहा गुडघा कापला का तू?" केशरबाईने दारातून विचारलं.

"हो."

"बरं. तसाही दुखतेच."

ठरल्या दिवशी पार्लरमध्ये नगमाच्या केसांचा मधोमध भांग पाडला. एक बाजू वाढीव कॉइलची, दुसरी फडफडत्या तोंडाची. गरम ड्रायर भगवंतरावांनी स्वतः हातात घेतला. नगमाला नळाखालून उठवून थेट बसवलं, पंचा नाही, टॉवेल नाही. दोन्ही ड्रायर सुरू झाले आणि माधवीच्या ड्रायरने असा काही गोंधळ घातला की बाहेरून जाणाऱ्या बाया आत डोकावल्या. पाणी उडालं, ते नेमकं भगवंतरावांच्या इस्त्रीच्या शर्टावर.

"खराब हाये का हे?" ते ओरडून म्हणाले.

"नाई. असंच हाये."

थोड्या वेळात नगमाने डोकं गरम बाजूकडून झटक्यात काढून घेतलं. "अम्मी, कान जळून राहिला."

"थोडं सहन करा लागते, बाई," भगवंतराव समजुतीने म्हणाले. "लवकर सुकते ना पण."

माधवीने आपला ड्रायर बंद केला.

"मंग तुमी करा सहन, भाऊ," ती म्हणाली. "धरा तुमच्या कानाले. तिचे केस सुकतपर्यंत जेवढा वेळ धराचा होता, तेवढाच धरा. जास्त नाई मांगत मी."

"माह्या डोक्यावर केसच नाई."

"कान हायेत ना."

सगळ्या बाया त्यांच्याकडे बघत होत्या. अशा वेळी वऱ्हाडातला माणूस मागे हटत नाही, भले पुढे खड्डा असो. भगवंतरावांनी ड्रायर आपल्या कानाशी धरला. आधी हसले. मग हसू गेलं. मग डोक्याची कातडी लाल व्हायला लागली, डोळ्यांत पाणी आलं आणि ड्रायर त्यांच्या हातातून टेबलावर आदळला.

कोणी हसलं नाही. माधवीही नाही. तिने आपला ड्रायर पुन्हा लावला आणि उरलेलं काम पूर्ण केलं. शकीलाआपाने नगमाच्या दोन्ही बाजूंना मुळापर्यंत बोटं घातली. गरम बाजूची बोटं ओली निघाली, कारण सुकेपर्यंत ती आच कोणाला सोसवलीच नव्हती. दुसऱ्या बाजूची तिने आपल्या गालाला लावून पाहिली.

"सुक्के," आपा म्हणाली. "मले हे पायजे. गरमवालं नको."

परतीच्या वाटेवर भगवंतराव गाडीत कान चोळत बसले होते. मूर्तिजापूर गेलं तरी चोळणं चालूच होतं. माधवीने मनात राजीनाम्याची तयारी ठेवली होती, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं.

"कॉइल राहू दे आहे तेवढीच," ते शेवटी खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पट्टी बसव. पण आवाज कमी कर त्याचा. लोक म्हणतीन, बिघडलेला माल देल्ला."

"नाई होत कमी. पट्टी फडफडली नाई त पाणी उडत नाई."

"लोक म्हणतीन ना पण."

"म्हणू द्या, भाऊ."

भगवंतरावांनी एक मोठा श्वास सोडला आणि कानावर ओला रुमाल धरला. भांडायला त्यांच्यात तेवढीच ताकद उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशरबाई न्हाऊन बाहेर आली. वाकली, केस पुढे टाकले आणि सवयीने पंचाला हात घातला. माधवीने पंचा ओढून घेतला आणि ड्रायर सुरू केला. फडफडाट अंगणभर झाला. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी खाली पाहिलं. भिंतीवर पाण्याचे शिंतोडे तसेच उडाले, रोज उडत तसे. केस सुकले, केशरबाईने मान वर केली, कोरडा अंबाडा घट्ट बांधला आणि आरशात एकदा पाहिलं.

"आवाज लय मोठा हाये," ती म्हणाली.

माधवीचा पारा चढला. "आता तूही सुरू झाली का?"

"मोठा हाये म्हणलं मी," केशरबाई पर्स खांद्याला लावत म्हणाली. "कमी कर म्हणलं का?"

आणि ती डूटीवर निघून गेली.