संमतीचं उद्यापन

मंगळवारी सकाळी मंदारचा फोन आला तेव्हा मी तुळशीला पाणी घालत होते. पुण्याहून तो एवढ्या सकाळी कधी फोन करत नाही.

"आई, खरं सांग. तुला काय झालंय?"

"मला? काही नाही रे."

"मग दर दुसऱ्या गुरुवारी यवतमाळच्या दवाखान्यासमोर दोन-दोन तास गाडी कशाला उभी असते?"

हातातला तांब्या मी कट्ट्यावर ठेवला. गुरुवारी मी वणीहून यवतमाळला दत्ताच्या दर्शनाला जाते आणि कधी रुपाली सोबतीला येते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. दर्शनानंतर कुठे जाते, ते फक्त दोघींना माहीत होतं. मला आणि रुपालीला.

"कोणी सांगितलं तुला?"

"गाडीनंच. कुठे थांबली, किती वेळ थांबली, ब्रेक किती जोरात दाबला, सगळं ॲपमध्ये येतं. मी कधी बघत नव्हतो गं. काल विम्यासाठी उघडलं तर हे दिसलं. आणि दर वेळी बाजूच्या सीटचा पट्टा लावलेला. रुपाली असते ना सोबत?"

खोटं बोलायचं नाही हा माझा नेम आहे, आणि खरं बोलायचा मला अधिकार नव्हता.

"ठीक आहे, नको सांगू. मी संघदीपला विचारतो. त्याच्या बायकोला तुझं काय ते माहीत असेलच."

"मंदार, संघदीपला फोन करायचा नाही."

"म्हणजे काहीतरी आहेच!"

"माझी तब्येत ठणठणीत आहे. देवाशपथ सांगते. याहून जास्त विचारू नकोस."

"रविवारपर्यंत थांबतो. मग मात्र मी त्याला विचारणार, आई. मला झोप लागत नाहीये."

त्याचं तरी काय चुकलं? आईची काळजी वाटली त्याला. पण त्याच्या काळजीपायी दुसरीचं घर पेटलं असतं.

रुपाली माझी विद्यार्थिनी. तिची आई कौसल्याबाई आणि मी एकाच शाळेत अठरा वर्षं शिकवलं. तिचा नवरा संघदीप मंदारच्या बाकावरचा मित्र, आता कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन आहे. गेल्याच्या आदल्या वर्षी रुपालीला मूल झालं आणि अकराव्या दिवशी गेलं. त्यानंतर तिची झोपच उडाली. भाजी चिरता चिरता विळी धरून तास तास बसून राहायची. एक दिवस माझ्याकडे आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाई, मले डोक्याच्या डॉक्टरकडे जायचं हाये. वणीत नाही. इथं सासूले समजलं त ती म्हणन, पोरगी पागल निंगाली, माहेरी नेऊन घाला."

"आणि संघदीप?"

"ते चांगले हायेत जी. पण मायजवळ त्यांच्या पोटात काही राहत नाही. मी सांगन त्याहिले, थोडी बरी झाली का."

मी हातावर पाणी घेतलं आणि कोणालाही सांगणार नाही, असा शब्द दिला. ती रडता रडता हसली. "पाणी कायले बाई, तुमचा शब्द पुरे हाये." त्यांच्या घरी बुद्धवंदना, माझ्या घरी दत्त. पण शब्द दोन्ही घरी सारखाच जड असतो.

गुरुवारी दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. मी नुसती गाडी चालवते आणि ती बोलते. मारेगाव सुटलं की सुरू होते, ती यवतमाळपर्यंत. "तुमी बोलत नाही म्हणूनच मले बोलता येते," एकदा म्हणाली होती. त्या बाळाचं नाव काय ठेवणार होती, ते तिनं त्या गाडीतच सांगितलं. जगात दुसऱ्या कोणालाही नाही.

म्हणून त्या मंगळवारी फोन ठेवला आणि मी थेट गाडीत जाऊन बसले. गाडी कुठे थांबली ते सांगते, तर गाडीत काय बोललं गेलं तेही सांगते का?

डॅशबोर्डच्या खणातली कागदपत्रं मी काढली, त्यात छापलेल्या वेबसाइटवरची सगळी माहिती फोनवर उघडली आणि भिंग लावून दोन संध्याकाळी वाचत बसले. बारीक इंग्रजीत होतं सगळं. गाडीला दिलेल्या तोंडी सूचना साठवल्या जाऊ शकतात. प्रवासाची माहिती भागीदार संस्थांना दिली जाऊ शकते. शेवटी लिहिलं होतं की हे सारं मालकाच्या संमतीनं होतं.

मालक मीच होते. गाडी माझ्या नावावर आहे.

आणि मला दसऱ्याचा तो दिवस आठवला. शोरूममध्ये गाडीची पूजा चालली होती, चाकांखाली लिंबं, माझी बोटं हळदी-कुंकवानं भरलेली. मॅनेजर देवीलाल राठोड फोन पुढे करून म्हणाले, "काकू, इथं मान्य दाबा." माझे हात तसे, म्हणून मंदारनं स्वतःचा नंबर घातला आणि त्यानंच दाबलं. सूनबाई गौरी हसून म्हणाली, "आई, त्याच्या हाताला हात लावा, म्हणजे तुमचंही झालं!" पूजेत नवरा संकल्प सोडतो तेव्हा बायको त्याच्या हाताला हात लावते, तसा मी मंदारच्या कोपराला हात लावला. त्याच्या बाहीवर कुंकवाचं बोट उमटलं. सगळे हसले. मी मात्र तो हात मनापासून लावला होता. कशाला लावतेय, ते विचारलं नव्हतं.

आमच्या ह्यांना, म्हणजे चंद्रशेखरांना, मी एवढंच सांगितलं की गाडी माझ्या फिरण्याच्या चहाड्या करते आणि मला ते बंद करायचंय. ते पस्तीस वर्षं तहसीलमध्ये होते.

"अगं, कोपराला हात लावला म्हणजे संमती झाली, असं कोणत्या कायद्यात आहे?"

"कायद्यात नसेल. मी तर केलं ना? व्रत घेतलं की मध्येच टाकत नाहीत. त्याचं उद्यापन करतात."

"मग उद्यापनाचा अर्ज लिही. संमती मागे घेता येते, पेपरात वाचलंय मी. दोन प्रती कर, एकीवर पोच घे. शिक्का मिळाल्याशिवाय उठायचं नाही. ते म्हणतील उद्या या. मी जन्मभर लोकांना तेच म्हणत आलोय."

शनिवारी उपवास होता. पिशवीत अर्जाच्या दोन प्रती, जपमाळ आणि एक नारळ घेऊन मी शोरूममध्ये गेले.

देवीलाल राठोड अगदी उठून उभे राहिले. "या काकू! चहा?"

"पाणी चालेल. हा अर्ज आहे. खात्यावर मंदारचा नंबर आहे, तिथे माझा घाला. आजवरचे रस्ते आणि आवाज पुसा. यापुढे गाडीनं कुठेही काही पाठवायचं नाही."

त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला. "काकू, हे बंद केलं त गाडी चोरीले गेल्यावर सापडाची नाही. फोनवरून एसी लागाचा नाही."

"एसी मी बोटानं लावते."

"पोरगा काळजीनं पाहते जी. त्यात काय वाईट?"

"त्याच्याशी मी बोलेन. तुम्ही अर्जाचं बोला."

"हे हेडऑफिसचं काम हाये. सोमवारी पाहू."

"तुम्ही त्यांना आत्ता विचारा. मी बसते."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि जपमाळ काढली. एक माळ झाली. तीन झाल्या. देवीलाल दोनदा येऊन गेले. "काकू, घरी जा, मी फोन करतो." मी मान हलवून नाही म्हटलं. सहाव्या माळेला एका नव्या पांढऱ्या गाडीची पूजा सुरू झाली. आर्णीकडचं कुटुंब होतं. मालकीणबाईंच्या हातात आरतीचं ताट, आणि देवीलालनी सवयीनं फोन पुढे केला. "ताई, इथं मान्य दाबा."

माळ थांबवून मी हळूच विचारलं, "बाई, त्यात काय लिहिलंय ते विचारलंत का?"

त्या बाईनं ताट खाली ठेवलं. "हो जी, काय लिहिलं हाये त्यात?"

देवीलालनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ते... नेहमीचंच हाये, ताई."

"नेहमीचं म्हणजे काय?" आता तिचा नवराही पुढे आला. "वाचून दाखवा ना."

पाचच मिनिटांत हेडऑफिसचा फोन लागला. सोमवारपर्यंत थांबायची गरज उरली नाही.

देवीलाल म्हणाले, "काकू, तुमच्या मुलाच्या फोनवर ओटीपीचा आकडा गेला. तो सांगा, मग खातं बदलतो."

मी मंदारला फोन लावायच्या आत त्याचाच आला. "आई, शोरूममध्ये काय करते आहेस? हे खातं बदलायचं काय आहे?"

"तुला आलेला आकडा सांग."

"आधी कारण सांग."

"मंदार, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी तू चार महिने कॉलेजला गेला नव्हतास. रोज डबा घेऊन निघायचास."

"तुला माहीत होतं?"

"होतं. तू स्वतः बाबांना सांगेपर्यंत मी त्यांना बोलले नाही. तुलाही कळू दिलं नाही."

तो मग म्हणाला, "म्हणजे ही गोष्ट तुझी नाहीच."

"आकडा, बाळा."

त्यानं आकडा सांगितला. एकेक अंक, सावकाश. मग म्हणाला, "संघदीपला नाही विचारणार. आणि तू ब्रेक फार जोरात दाबतेस, तेवढं सांभाळ."

देवीलालनी पोच दिली. जुनं सगळं तीस दिवसांत पुसू, असं कंपनीनं लेखी कळवलं. ती चिठ्ठी मी पदराखाली धरली आणि नारळ त्यांच्या हातात ठेवला.

"हे कायले, काकू?"

"उद्यापनाचं."

तरी मुख्य काम राहिलंच होतं. गुरुवारी मौन, म्हणून बुधवारीच रुपालीकडे गेले आणि सगळं सांगितलं: गाडीनं काय पाहिलं, मंदारला कुठपर्यंत कळलं, काय बंद झालं. काय ऐकलं गेलं असेल, ते मलाही कळलेलं नाही, हेही सांगितलं. माझ्या हातून झालेली चूक मी लपवली नाही. ती ऐकत राहिली. शेवटी इतकंच म्हणाली, "उद्या येतो मी."

गुरुवारी ती आली आणि पट्टा लावला. गाडीच्या पडद्यावर अक्षरं होती, 'जोडणी नाही'. मारेगाव गेलं तरी ती बोलली नाही. आता ही पुन्हा कधी बोलायची नाही, असं मला वाटलं.

करंजी जवळ आल्यावर तिनं पडद्याकडे बोट केलं. "आता हे काहीच सांगत नाही?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"मग मले सांगा लागन." ती खिडकीबाहेर कापसाकडे बघत होती. "रविवारी त्याहिची सुट्टी हाये. मी सांगतो त्याहिले. बाळाचं नाव बी सांगतो. पुढच्या वेळी ते आले त मागं बसतीन."

बारा वाजायला अजून वेळ होता. मी नुसता तिच्या हातावर हात ठेवला, आणि पुढच्या वळणावर ब्रेक अगदी हळू दाबला.