सेकंदाला तीनदा

रूपालीने ढोलाचा तुकडा पुन्हा लावला आणि समोरची अख्खी एलईडी भिंत ठोक्यागणिक पांढरीफटक होऊन परत काळी पडू लागली. भर दुपारी, निफाडच्या त्या लॉन्सवरच्या मांडवातही डोळे दिपले.

"लय भारी. असंच ठेवा ताई," नवरदेवाचा धाकटा भाऊ ललित म्हणाला आणि मांडववाल्याशी हुज्जत घालायला निघून गेला.

रूपाली नाशिकची. गाण्याच्या तालावर हलणारी चित्रं बनवायची, हा तिचा धंदा. संध्याकाळी दोन्हीकडची हळद इथेच होती आणि स्टेजमागे ही भिंत राहणार होती.

मागे कोणीतरी उभं आहे असं वाटून तिने वळून पाहिलं. नवरी होती, निकिता. मेंदीचा एक तळवा तिने उजव्या डोळ्यावर गच्च धरला होता.

"हे सेकंदाला किती वेळा लखलखतं?"

रूपाली चाटच पडली. आठ वर्षांत लोकांनी तिला रंग विचारले होते, भाव विचारले होते. हे कुणी विचारलं नव्हतं.

"ढोल तापला की दहा-बारा वेळा."

"तीनच्या आत येईल?"

"येईल की. आता कसंय, आवाज तुटला की उजेडही तुटतो. त्याऐवजी उजेड सावकाश उतरू द्यायचा. पुढचा ठोका येईपर्यंत भिंत काळी पडतच नाही मग. आणि ठोका दाखवायचा तो चित्राच्या आकारात, उजेडात नाही."

विचारणारं माणूस भेटलं की सांगणाऱ्याला चेव येतो. रूपालीने तिथल्या तिथे बदल करून दाखवला. भिंतीवर केशरी वर्तुळं ढोलाबरोबर फुगायला लागली, हळूच बसायला लागली. निकिताने हात खाली घेतला. तेव्हा कुठे रूपालीला आठवलं: असला उजेड ज्यांना सोसत नाही, त्यांना एक डोळा झाकायला सांगतात.

"फिट येते का तुम्हाला?" तिने हळूच विचारलं.

"दहावीपासून. गोळ्या चालू आहेत, चार वर्षांत आली नाही." निकिताने मांडवाकडे पाहिलं. "सासरी सांगितलेलं नाही. आई म्हणते, एकदा लग्न होऊ दे, मग बघू. ताई, कुणाला बोलू नका."

"नाही बोलणार."

निकिता गेली. रूपालीला त्या आईचा रागच आला. भरल्या मांडवात पोरगी कोसळली असती म्हणजे?

अर्ध्या तासाने नवरदेव आला, रविराज. त्याने आधी भिंतीकडे पाहिलं, मग आजूबाजूला.

"ताई, ते लखलखणारं काढता येईल का? ललित हट्ट करेल. त्याला सांगा, मशीनला झेपत नाही."

"काढलंय. पण का हो?"

तो चपलेने माती उकरत राहिला.

"साखरपुड्यात डीजेचे लाईट सुरू झाले, तेव्हा तिने एक डोळा झाकला आणि खाली बसली. मी घरी जाऊन शोधलं, सगळं वाचून काढलं. तिला कळू देऊ नका, मला माहितीये ते. वाटेल तेव्हा सांगेल ती. नाही सांगितलं तरी माझं काही नाही."

रूपालीला हसू आलं. एकीला शब्द देऊन झाला होता, आता हा दुसरा मागत होता. तिने मान हलवली खरी, पण लगेच दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून भिंतीसमोर मांडल्या आणि निकिताला बोलावणं धाडलं.

"पूर्ण गाणं एकदा समोरून बघायला माणसं लागतात," ती दोघांना म्हणाली. "बसा. डोळ्यांना कुठे खुपलं तर एकमेकांना विचारून मला सांगा."

सगळ्यात लांबलचक गाणं लावून ती फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर गेली. तिथून दोघांच्या पाठीच दिसत होत्या. बराच वेळ दोन्ही ताठ होत्या. मग निकिताने खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि बोलायला लागली. रविराज खाली मान घालून ऐकत राहिला, मग त्यानेही खुर्ची वळवली.

गाणं संपलं, भिंत काळी झाली. पुन्हा लावा म्हणून कोणी हाक मारली नाही. रूपालीने दुसरा चहा सांगितला.