तानूचे वीस मार्क

तानूला गणितात पंचवीसपैकी सहा मार्क पडले, तेव्हा मास्तरांनी तिच्या बापाला शाळेत बोलावून सांगितलं, की पोरगी सातवीत यंदाही नापास झाली तर तिला घरी बसवलेलीच बरी. तिचा बाप ज्योतीराम, पोरींचा आबा, चिखलीहून सायकलवर पिंपरीच्या एका कंपनीत कामाला जायचा. घरी येऊन त्याने खडू घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारामागे दोन आकडे लिहिले. वर सहा, खाली आठ. कंपनीत मशीनपाशी काल किती नग निघाले आणि आज किती काढायचे, हे असंच फळ्यावर लिहीत. शहाणा सुपरवायझर दोन-चारच नग वाढवून मागे. एकदम चाळीस मागितले की चांगला कामगारही हात टेकतो, हे ज्योतीरामने बारा वर्षं पाहिलं होतं.

तानूने आठच्या जागी नऊ आणले. मग अकरा लिहिले, तर अकरा आले. दर वेळी ज्योतीराम गरम भज्यांचा पुडा आणी आणि आल्यागेल्याला कौतुक सांगे. आई तर तिची दृष्ट काढी.

कस्तुराचा मात्र तिळपापड होई. ती थोरली, नववीत, वर्गात पहिली. तिला विसाच्या खाली कधी मार्क पडले नव्हते. तिच्या प्रगतीपुस्तकावर ज्योतीराम न बघताच सही ठोकी आणि म्हणे, तिचं काय बघायचं, ती हुशारच हाय. भजी तिलाही मिळत, पण ती तानूच्या पुड्यातली. अकरा मार्कांची दृष्ट काढायची आणि तेविसांवर नुसती सही करायची, हा कुठला न्याय? पण विचारायची सोय नव्हती. एवढी मोठी घोडी धाकट्या बहिणीवर जळते, असंच लोक म्हणाले असते. आणि ती जळतच होती, अगदी मनापासून.

मग ज्योतीरामला दुसरी शिफ्ट लागली. मुली सकाळच्या शाळेला निघत तेव्हा तो झोपलेला असे आणि त्या परत येईपर्यंत कामावर गेलेला. कंपनीला सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी त्याने कस्तुराला सांगून ठेवलं, की तानूच्या मार्कांत दोन मिळव आणि दारामागे लिही.

कस्तुराने तेराऐवजी वीस लिहिले. आबांनीच सांगितलंय, असं तानूला ठासून सांगितलं. तानू त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग पुस्तक उघडून बसली. दार एरवी उघडंच, भिंतीला टेकलेलं असे, म्हणून ज्योतीरामच्या नजरेला तो आकडा पडला नाही. पुढचे पंधरा दिवस ती जेवतानासुद्धा पाढे पुटपुटत होती. तिचं उतरलेलं तोंड बघून कस्तुराला बरं वाटे.

चाचणीचे मार्क कळले तो दिवसही गुरुवारच होता. तानू आली, दप्तर भिंतीशी टाकलं आणि उद्यापासून शाळेत जाणार नाही म्हणाली. ज्योतीरामने तिचा पेपर उलगडला. चौदा मार्क होते, आजवर तिला कधीच न पडलेले. तो हरखून नवा आकडा लिहायला उठला, दार ओढलं आणि त्याला वीस दिसले.

“वीस कुणी लिवलं?”

“मी,” कस्तुरा म्हणाली. मग तिचा बांध फुटला. “माजा आकडा कदी लिवला का तुमी? मला किती पडले, सांगा बरं.”

ज्योतीरामला खरंच माहीत नव्हतं. त्याने मान खाली घातली, तेव्हा कस्तुराला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं.

“बावीस,” कोपऱ्यातून तानू नाक पुसत म्हणाली. “त्याच्या आदी तेवीस. दिवाळीच्या आदी एकवीस.”

“तुला कसं ठाव?” बापाने विचारलं.

“आक्काचं मार्कांचं पुस्तक मी दर बारीला बघते. मला वाटलं, आबांना मी आक्कावानी पायजे, म्हून वीस लिवले.”

कस्तुराला तिच्याकडे बघवेना. ज्योतीरामने वीस पुसून सोळा लिहिले, पण तानूने तिकडे वळूनही पाहिलं नाही. कस्तुराने तिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. चुकी माझी होती, तुझे चौदा लई झाले, असं परोपरीने सांगितलं. तानू रागावलेली नव्हतीच.

“व्हय,” ती म्हणाली, “पर मला न्हाई जमत, आक्का.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरा एकटीच शाळेला गेली.